बंडवाल्याची जबानी कशी वाचावी

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट खानदेशात सर्वांना माहीत आहे तो मुख्यतः तिथे तासन्‌तास अडकून पडणाऱ्या मालमोटारींमुळे. ज्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो त्या जेम्स औट्रमने १८२५ साली भिल्ल पलटण उभारण्याचे काम हाती घेतले आणि धरणगाव हे तिचे ठाणे केले, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न लढाईचा थोडा आणि बातमीचा फार होता. डोंगरात कोण आहे, किती आहेत, त्यांना धान्य कोण पोचवतो, लुटीचा माल कोणत्या पेठेत विकला जातो, उद्या रात्री ते कोणती वाट धरतील, हे कळल्याशिवाय सातमाळ्यात किंवा सातपुड्यात पलटणीचा उपयोग नव्हता. ही माहिती काढण्यासाठी जी माणसे पकडली, फितवली किंवा अभयाचा कौल देऊन बोलावून आणली, त्यांच्या तोंडचे शब्द जबान्यांच्या रूपाने सरकारी दप्तरांत राहिले. पुढील मार्गदर्शन या जबान्या वाचू पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्या गावचा इतिहास लिहायला घेतलेले शिक्षक, मोडी शिकलेले निवृत्त कारकून आणि प्रबंधासाठी मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारात जाणारे विद्यार्थी हे सारे त्यांत आले.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकीचे सर्व तिच्यावर उभे आहे. जबानीत उत्तरे असतात, प्रश्न नसतात. लिहिणाऱ्या कारकुनाने ‘विचारल्यावरून लिहून देतो’ एवढे दोन-तीन शब्द टाकून सगळे प्रश्न गाळलेले असतात आणि उत्तरे एकापुढे एक अशी जोडलेली असतात की वाचणाऱ्याला वाटावे, हा माणूस आपणहून आपली हकीकत सांगत आहे. त्याने आपणहून फार थोडे सांगितलेले असते. म्हणून कागद हाती आला की पहिले काम गाळलेले प्रश्न परत लिहून काढण्याचे. ते करता यावे म्हणून विचारणाऱ्याच्या मनात त्या वर्षी काय होते, हे आधी ठाऊक असावे लागते.

खानदेश कंपनीच्या ताब्यात आला १८१८ साली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरला वाटाघाटी चालू असताना गैरसमज होऊन दंगल उसळली, कंपनीचे काही अधिकारी त्यात पडले आणि कंपनीच्या फौजेचा सेनापती सर टॉमस हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले. त्याआधी पेशवाईच्या अखेरच्या काळात कोपरगावला बोलावून घेतलेल्या भिल्लांची कत्तल झाल्याची आठवण डोंगरात ताजी होती. ‘या, बोलू, तुम्हांला अभय आहे’ या वाक्याला तेव्हाच्या खानदेशात कोणता अर्थ होता, हे या दोन घटनांवरून समजते. पहिला कलेक्टर जॉन ब्रिग्ज धुळ्याला बसला तेव्हा त्याचा सारा रोख टोळ्यांचा ठावठिकाणा आणि त्यांना मैदानातून मिळणारी रसद यांवर होता, आणि पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याचे हस्तक भिल्लांना चिथावतात, या संशयाने अधिकारी पछाडलेले होते. १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या, कन्नड हे त्यांपैकी एक ठाणे. मग विचारणाऱ्यांचे प्रश्न बदलले. तुला जमीन दिली तर कसशील का, जागल्याचा, म्हणजे गावच्या राखणदाराचा, हक्क कोणी बुडवला, कोणत्या नाईकाचा शब्द तुम्ही मानता, अशी चौकशी सुरू झाली. म्हणून १८१९ ची जबानी आणि १८२७ ची जबानी एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिलीत भुकेचा उल्लेख नाही म्हणून भूक नव्हती असे लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पहिलीत भुकेविषयी कोणी विचारलेच नव्हते.

(जाता जाता, १९५० साली मलायात कम्युनिस्ट बंडखोरांची रसद तोडण्यासाठी जी योजना आखली गेली, तिच्या कर्त्याचे नावही ब्रिग्जच. हॅरॉल्ड ब्रिग्जचा आपल्या धुळ्याच्या ब्रिग्जशी संबंध जोडून कोणी लेख लिहू नये. दोघांनी धान्याच्या वाटेवर लक्ष ठेवले ते बंडाच्या मुलखात प्रत्येक सरकार तेच करते म्हणून.)

कागदाचा माथा आणि पायथा

मजकुरात शिरण्यापूर्वी कागदाचे डोके आणि पाय पाहावेत. कोणत्या ठाण्यावर, कोणासमोर, कोणाच्या हस्ताक्षरात आणि कोणत्या तारखेला हे लिहिले गेले, याची नोंद आपल्या वहीत आधी करावी. तारीख अनेकदा फसली, म्हणजे महसुली कामाच्या, सनात असते. दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, आणि हे वर्ष जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाबरोबर सुरू होते, त्यामुळे फसली १२३५ म्हणजे १८२५ च्या जूनपासून १८२६ च्या जूनपर्यंतचा काळ. अरबी सुहूर सन अक्षरांत लिहिलेला आढळला, तर ‘सीत अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे सहा, वीस, दोनशे आणि हजार अशी बेरीज करून १२२६ मिळतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावेत. नवशिके या दोन सनांची गल्लत करतात आणि नऊ वर्षांनी चुकतात. बंडाच्या इतिहासात नऊ वर्षांत शत्रूचा शिलेदार होऊन जातो, म्हणून ही चूक साधी समजू नये.

त्यानंतर जबानी देणाऱ्याची अवस्था पाहावी. तो बेडीत होता, कौल घेऊन स्वतःच्या पायांनी आला होता, माफीचा साक्षीदार झाला होता, की मुशाहिऱ्यावरचा, म्हणजे पगारी, बातमीदार होता? या चौघांची गरज वेगवेगळी असते. कैद्याला सुटायचे असते. कौल घेतलेल्याला आपण उपयोगी आहोत हे दाखवायचे असते. माफीच्या साक्षीदाराला दुसऱ्याला आपल्याहून मोठा गुन्हेगार ठरवायचे असते; त्याच सुमारास जबलपूरकडे स्लीमन हा इंग्रज अधिकारी ठगांविरुद्ध असेच साक्षीदार उभे करीत होता आणि त्यांच्या सांगण्यावरून ठगांच्या वंशावळी लिहून घेत होता. बातमीदाराला पुढच्या महिन्याचा पैसा हवा असतो, म्हणून त्याच्या बातमीत शत्रू कधी संपत नाही. यांतला कोणी खोटारडाच असतो असे नव्हे, पण प्रत्येकाचा तराजू एका बाजूला झुकलेला असतो आणि तो किती झुकला आहे ते आपल्याला ठाऊक हवे.

पायथ्याशी निशाणी असते. कुणब्याचा नांगर तसा ज्याच्या त्याच्या ओळखीचा एखादा आकार, आणि शेजारी ‘दस्तूर अमुक’, म्हणजे हस्ताक्षर अमक्याचे, असे कारकुनाचे नाव. या नावाला मी फार महत्त्व देतो. एकाच कारकुनाच्या हातच्या पाच-सात जबान्या ओळीने वाचल्या की त्याचे ठरावीक शब्दप्रयोग लक्षात येतात, आणि मग पाच वेगवेगळ्या कैद्यांनी अगदी एकच वाक्य उच्चारले आहे हे पाहून आपण चकित होत नाही. ते वाक्य कारकुनाचे असते.

चार भाषांची उतरंड

डोंगरातला माणूस भिलीत किंवा पावरीत बोलला. त्याचे बोलणे कोणा जागल्याने किंवा शिपायाने अहिराणीत सांगितले. कारकुनाने ते दप्तरी मराठीत, मोडी लिपीत उतरवले. साहेबासाठी त्याचा इंग्रजी गोषवारा झाला, आणि १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरपर्यंत पोचला तो अशा गोषवाऱ्यांचाही गोषवारा. आपण बहुतेक जण वाचतो ते हे शेवटचे टोक, आणि तेही पुन्हा मराठीत भाषांतर करून. मूळ बोलीत नात्याचा, राहण्याचा किंवा मागून नेण्याचा असलेला शब्द प्रत्येक पायरीवर थोडा थोडा बदलतो. इंग्रजीत ‘टोळी’ असा अर्थ दिसला तर मोडीत काय आहे ते पाहावे. तिथे ‘मंडळी’ असू शकते, आणि मंडळी म्हणजे भाऊबंद, सोयरे, पोरेबाळे असे सगळे. ‘लूट’ दिसली तर मागे ‘हक्क’ आहे का ते शोधावे, कारण घाटाची राखण करणारे नाईक वाटसरूंकडून जे घेत त्याला ते आपला हक्क म्हणत आणि नवे सरकार दरोडा म्हणे. मोडी मूळ मिळत नसेल तर इंग्रजी गोषवारा वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यातल्या एकेका शब्दावर इमला उभारू नये.

एक नमुना

आता प्रत्यक्ष वाचन कसे करावे ते दाखवतो. खालचा मजकूर कोणत्याही दप्तरातला नाही. सरावासाठी मीच तो जुन्या धाटणीत रचला आहे, आणि माझ्याकडे मोडी शिकायला येणाऱ्यांना मी तो पहिल्या दिवशी देतो.

‘जबानी अमुक वल्द अमुक, जात भिल, उमर अजमासे तीस, वस्ती पाल अमका, धंदा जागल्याचा. विचारल्यावरून लिहून देतो ऐसा जे, गुदस्ता आषाढमासी घाटमाथ्यावर नाईकाकडे मंडळी जमली. मी लाकडे आणावयास गेलो होतो. नाईकाने भाकर दिली, सबब दोन रोज राहिलो. मजजवळ तीरकमठा होता, बंदूक नव्हती. तांडा लुटिला त्या रोजी मी पालावर होतो. माल कोणाचे घरी गेला ठाऊक नाही. पैका पेठेतील सावकाराकडून येतो असे ऐकिले, पाहिले नाही. नाईकाबरोबर परदेशी शिपाई आठ होते. यास जामीन पाटील मौजे अमुक. लिहिले सही. निशाणी तीराची.’

कागदाच्या डाव्या बाजूला कोरा समास घ्यावा आणि प्रत्येक वाक्यासमोर त्यामागचा प्रश्न लिहावा. ‘बंदूक नव्हती’ असे कोणी आपणहून सांगत नाही. बंदुका किती होत्या, असे विचारले गेले होते. ‘पैका सावकाराकडून येतो असे ऐकिले’ यामागचा प्रश्न ‘तुम्हांला पैसा कोण देतो’ असा असू शकतो किंवा ‘अमुक सावकार पैसा देतो ना’ असाही असू शकतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारला गेला असेल, तर ते नाव कैद्याने दिलेले नसून साहेबाने आणलेले आहे, आणि ‘ऐकिले, पाहिले नाही’ ही कैद्याने काढलेली पळवाट आहे. एकाच महिन्यातल्या सर्व जबान्यांत तोच सावकार ‘ऐकिला’ असेल आणि कोणीच ‘पाहिला’ नसेल, तर तो सावकार बहुधा कचेरीतच जन्मला असे समजावे.

पुढे तपशिलाची जाडी पाहावी. परदेशी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, शिपाई ‘आठ’ होते, हा नेमका आकडा आहे. आपल्या मंडळीतली माणसे किती, याचा आकडा नाही आणि नाव एकही नाही. बाहेरची माणसे उघडी करण्यात त्याचे काही जात नव्हते. जिथे तो धूसर होतो तिथे त्याचे घर आहे, हे ध्यानात ठेवावे. आषाढात लाकडे आणायला गेलो हे तर कोणाही खानदेशी माणसाला हसू आणील, कारण सरपण मृगाआधीच घरात भरलेले असते आणि आषाढातले ओले लाकूड चुलीत घालून नुसता धूर होतो. बैलांचे तांडेही भर पावसाळ्यात चालत नाहीत. म्हणजे जमाव आषाढातला आणि लूट दुसऱ्या कोणत्या तरी महिन्यातली, आणि कारकुनाने दोन वेगळ्या प्रसंगांची उत्तरे एकाच ओळीत ओवली, असा संशय घ्यायला जागा आहे.

आणि मग ते एक वाक्य उरते, ज्याच्यामागे कोणताही प्रश्न लिहिता येत नाही. ‘नाईकाने भाकर दिली, सबब दोन रोज राहिलो.’ हे साहेबाला नको होते, कारकुनाच्या कामाचे नव्हते, कैद्याला त्याचा बचाव म्हणूनही फारसा उपयोग नव्हता. आषाढ हा जुने धान्य संपल्याचा आणि नवे यायला अवकाश असल्याचा महिना. भाकरीसाठी राहिलो, हे त्याच्या तोंडून निसटले आणि कारकुनाच्या हातून गाळायचे राहिले. मी शिकवताना सांगतो की खऱ्या कागदात अशी वाक्ये शोधा, कारण बंड का टिकले याचे उत्तर तिथे सापडण्याचा संभव सर्वांत जास्त असतो.

माणूस वेगळा, माहिती वेगळी

लष्करी हेरखात्यांत एक जुनी पद्धत आहे, ती आपण सरळ उचलावी. बातमी देणाऱ्याच्या भरवशाला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत एक अक्षर द्यायचे आणि बातमीच्या खरेपणाला १ पासून ६ पर्यंत एक आकडा द्यायचा. ‘एफ’ आणि ६ यांचा अर्थ ‘वाईट’ असा नसून ‘ठरवता येत नाही’ असा आहे, आणि बहुतेक जबान्यांची पहिली नोंद ‘एफ ६’ अशीच करणे प्रामाणिकपणाचे होते. या पद्धतीचा खरा फायदा असा की भला माणूस चुकीचे सांगू शकतो आणि लबाड माणूस बरोबर सांगू शकतो, हे मनात पक्के बसते. पाटलाने सांगितले म्हणून खरे आणि दरोडेखोराने सांगितले म्हणून खोटे, अशी वाचनाची सवय आपल्यात खोल रुतलेली आहे. नमुन्यातला पाटील जामीन आहे, म्हणजे या जबानीत त्याचाही जीव अडकला आहे, हे विसरू नये.

आकडा सुधारायचा तर दुसरा पुरावा हवा, आणि तो पहिल्यातून निघालेला नसावा. एका कैद्याने नाव घेतले, त्यावरून दुसऱ्याला धरले, त्याला पहिल्याची जबानी वाचून दाखवली आणि तो ‘होय’ म्हणाला, तर ते दोन पुरावे होत नाहीत. धरल्याच्या तारखा लावून पाहिल्या की ही साखळी लगेच उघडी पडते. बनावट कागदांपासूनही जपावे. १८२५ साली बागलाणात एका लोहाराने सातारच्या छत्रपतींच्या नावाची खोटी पत्रे दाखवून भिल्लांना उठवले होते आणि औट्रमच्या खानदेशातील पहिल्या मोहिमांपैकी एक त्याच उठावावर, मुल्हेरच्या बाजूला झाली. पत्रे खोटी होती; ती पाहून माणसे खरोखर जमली. म्हणून ‘छत्रपतींचा हुकूम आला होता’ असे सांगणारा कैदी खोटे बोलत नव्हता, आणि त्यावरून सातारकर सामील होते असेही सिद्ध होत नाही.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार भूगोल आहे. जबानीत तिथी असेल तर त्या रात्री चांदणे होते की अंधार, हे कळते; वद्य दशमीनंतर ‘दुरून ओळखले’ म्हणणाऱ्याला विचार करायला लावावे. एका रात्रीत अमुक पालावरून तमुक घाटात गेलो असे असेल तर नकाशात बोट फिरवून भागणार नाही, ती वाट चालून पाहावी, शक्यतो त्याच महिन्यात, आणि वाटेवर उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते ते गुराख्यांना विचारावे. पावलांचा माग काढणारे पागी त्या काळी कचेरीच्या साऱ्या जबान्यांपेक्षा जास्त कामाचे असत, असे माझे मत आहे. वाळूतल्या पावलाला कोणी धमकावू शकत नाही.

दाबाखालचे शब्द

१८३१ साली यावल-सावदा भागातल्या दरोड्यांचा छडा लावण्यासाठी औट्रमला पाठवले, तेव्हा त्याने ४६९ संशयित धरले आणि त्यांतले १५८ खटल्यासाठी पुढे पाठवले गेले. इतिहासाची पुस्तके हे यश म्हणून सांगतात. जबान्या वाचणाऱ्याने वजाबाकी करावी. ३११ माणसे धरली, विचारली आणि पुढे पाठवली नाहीत. ती सुटली ती काय सांगून सुटली, हा प्रश्न त्या साऱ्या प्रकरणावर लावून धरल्याशिवाय उरलेल्या १५८ जणांविरुद्धच्या पुराव्याची किंमत ठरत नाही.

हाच औट्रम पलटण उभारताना मात्र वेगळ्या रीतीने वागला होता. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की तो नाईकांबरोबर एकटा रानात गेला, त्यांना भरपूर ब्रँडी पाजली, त्यांच्यात पहाऱ्याशिवाय राहिला, आणि शेवटी पाच धाडसी माणसे त्याच्याकडे नोकरीस आली. यात साधुत्व काही नाही, ती सरळ राजकारणी चाल होती. पण ओळखीतून आलेली माहिती आणि कोठडीतून आलेली माहिती यांच्या दर्जातला फरक पुढच्या शतकाने पुन्हापुन्हा दाखवला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वायुदलाचा हान्स शार्फ पकडलेल्या वैमानिकांशी गप्पा मारीत, त्यांना फिरायला नेत माहिती काढीत असे. आपल्याला सगळे आधीच ठाऊक आहे असे भासवून तो एखादाच तुकडा त्यांच्याकडून पुरा करून घेई. जपानमध्ये अनेक वर्षे धर्मोपदेशक म्हणून राहिलेल्या शेरवुड मोरनने १९४३ मध्ये अमेरिकन मरीन दलासाठी लिहिलेल्या टिपणात कैद्याला आधी माणूस म्हणून, त्याच्या भाषेत, त्याच्या जखमेची चौकशी करून भेटा, असे बजावले. उलट बाजूला १९५७ चे अल्जिअर्स आहे. तिथे फ्रेंच पॅराशूट सैनिकांनी छळ सर्रास वापरला, शहरातले जाळे मोडले आणि देश गमावला. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली डोक्यावर पिशव्या चढवणे, झोपू न देणे, तासन्‌तास भिंतीशी उभे करणे असे पाच प्रकार वापरले गेले, ते पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारला बंद करावे लागले, आणि १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती वागणूक अमानुष आणि मानहानिकारक ठरवली. वाचकाच्या दृष्टीने यातला कामाचा भाग एवढाच की मार थांबावा म्हणून बोलणारा माणूस विचारणाऱ्याला जे ऐकायचे आहे ते सांगतो, आणि कागदावर ते अगदी सुसंगत दिसते. फार गुळगुळीत, साहेबाच्या संशयाशी तंतोतंत जुळणारी जबानी दिसली की थांबावे.

कायद्यानेही हे ओळखले. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाविषयीच्या आयोगाचा अहवाल आला. पुढे १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याने आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध निरुपयोगी ठरवला. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तोच नियम कायम आहे. म्हणून १८६१ पूर्वीचा कागद आणि नंतरचा कागद वेगळ्या वहीत ठेवावेत. नंतरच्या काळात कबुली मॅजिस्ट्रेटपुढे आहे की फौजदारापुढे, हे पाहिल्याशिवाय एक ओळही उतरवून घेऊ नये. जो पुरावा इंग्रजी कोर्टाने आरोपीविरुद्ध मानला नसता, तो आपण दीडशे वर्षांनी त्याच्या नातवंडांविरुद्ध मानावा, हे बरे नव्हे.

१८५७ च्या उठावातला भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याच्या बाबतीत तर हा विषय स्वतःभोवतीच फिरून येतो. तो सेंधव्याच्या घाटाच्या बंदोबस्तासाठी सरकारी नोकरीत होता. ताब्यातला एक कैदी मारहाणीत मेला म्हणून त्याला तुरुंगवास झाला, सुटल्यावर १८५७ च्या धामधुमीत पुन्हा कामावर घेतले गेले, आणि त्याच वर्षी तो उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली, तिथे पकडलेल्या अनेकांना झटपट लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. झटपट न्यायालयाचा कागद तोकडा असतो. तिथे प्रश्न शोधायला जाऊ नये, कारण निकाल आधीच झालेला असतो. नावे, गावे आणि वये मात्र जपून उतरवावीत, कारण त्या माणसांचा दुसरा लेखी उल्लेख कदाचित कुठेच नसेल.

आपणच विचारणारे झालो तर

दप्तरानंतर आपण गावात जातो आणि म्हाताऱ्यांना विचारतो. तिथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका आजोबांना मी विचारले, ‘खाज्या नाईक याच खोऱ्यात लपला होता ना?’ ते म्हणाले, ‘हा भो, आठेच’, म्हणजे ‘हो भाऊ, इथेच’. मी आनंदाने वहीत लिहिले, फोटो काढला. पंधरा दिवसांनी माझा एक मित्र तिथे गेला आणि त्याने पलीकडच्या खोऱ्याकडे बोट दाखवून हाच प्रश्न केला. आजोबांनी त्यालाही तितक्याच प्रेमाने ‘हा भो’ म्हटले. लांबून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. मी न धमकावता, चहा पिता पिता, १८३१ च्या कचेरीतली चूक केली होती. तेव्हापासून मी खोऱ्याचे नाव घेत नाही. ‘बाबा, त्या वेळी लोक कुठे जायचे?’ एवढेच विचारतो आणि गप्प बसतो. गप्प बसणे फार जड जाते. ध्वनिमुद्रण करताना आपला प्रश्नही मुद्रित व्हावा आणि उतरवताना तो शब्दशः लिहिला जावा, म्हणजे उद्याच्या वाचकाला आपल्या कागदावर समास काढून प्रश्न ओळखत बसावे लागणार नाही. घरातल्या बायकांनाही वेगळे भेटावे. धान्य कोणी नेले आणि पाणी कुठून आणले हे त्यांच्या सासवांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत आलेले असते, आणि दप्तरात त्यांची जबानी क्वचितच हाती लागते.

लिहिताना ‘अमक्याने गुन्हा कबूल केला’ असे लिहू नये. ‘अमक्याच्या नावावरील, अमुक ठाण्यावर अमुक कारकुनाने लिहिलेल्या जबानीत असे आहे’ असे लिहावे. वाक्य लांबते, ते लांबू द्यावे. बातमीदारांची नावे आली तर जास्त विचार करावा. १८६० साली खाज्या नाईक जवळच्याच माणसाच्या हातून दग्याने मारला गेला, आणि डोंगरात फितुरी कोणाच्या घराण्यातली होती याची चर्चा लग्न जमवताना अजून होते. माझ्या वहीत अशी सात नावे आहेत, चार गावांतली, आणि त्या चारही गावांत तीच आडनावे आज सातबाऱ्यावर आहेत. त्या माणसांनी दोन रुपयांसाठी सांगितले की बायकोपोरे ठाण्यावर अडकवून ठेवली होती म्हणून सांगितले, हे एकाही कागदात लिहिलेले नाही. माझ्या लेखांत ती नावे ‘एक बातमीदार’ म्हणून येतात, आणि वहीचे ते पान मी छायाप्रतीसाठी कोणाला देत नाही.